माझा अनुभव: जीआरएनची स्क्रीन नव्याने मांडताना

माल गोदामात आला की त्यासोबतचं पुरवठादाराचं चलन बघून संगणकात आवक नोंदवायची. या नोंदीला बहुतेक ठिकाणी जीआरएन म्हणतात. ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर; त्यातल्या या एकाच स्क्रीनचं डिझाइन बदलण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मागणी एका ओळीची होती: "स्क्रीन फार जुनाट दिसते, जरा चांगली करा." रंग आणि बटणं बदलली असती तर मागणी आठवडाभरात भागली असती. नोंदीतल्या चुका मात्र होत्या तिथेच राहिल्या असत्या. कोणती माहिती, कोणी, कधी आणि कोणत्या क्रमाने भरायची हे ठरवणं हाच धंद्याच्या सॉफ्टवेअरमधल्या डिझाइनचा मोठा भाग. दिसण्याचा नंबर त्यानंतर लागतो.

मुलाखतींपासून सुरुवात केली नाही. रोजची अडचण माणसं सांगत नाहीत, कारण ती त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. त्याऐवजी स्टोअरकीपरच्या शेजारी खुर्ची टाकून दोन पूर्ण पाळ्या बसलो, त्यातली एक मुद्दाम महिनाअखेरीची. वहीत तीनच गोष्टी टिपल्या: हात कीबोर्ड सोडून माऊसकडे कधी गेला, नजर चलनाकडे पुन्हा कधी वळली, आणि स्क्रीन सोडून एक्सेल, फोन किंवा शेजारच्या माणसाकडे कधी जावं लागलं. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो घेतले. "टाइपमध्ये कायम ०३", "सेव्ह करण्याआधी एकदा रिफ्रेश". सॉफ्टवेअरने स्वतः करायचं काम माणसाच्या माथी मारल्याचा यापेक्षा चांगला लेखी पुरावा मिळत नाही.

मग रकान्यांची मोजणी. स्क्रीनवर ३८ रकाने होते. एक तक्ता केला आणि प्रत्येकापुढे चार उत्तरं लिहिली: कोण भरतो, कोण वाचतो, माहिती कुठून येते, रिकामा राहिला तर काय अडतं. रकाने आपोआप तीन गटांत पडले. काही सिस्टीमला आधीच ठाऊक असतात: आजची तारीख, लॉगिन केलेल्याचं नाव, पीओवरचा (खरेदी ऑर्डरवरचा) दर. ते विचारण्याचं कारणच नाही. काही चलनावर छापलेले असतात. तिसरा गट सगळ्यात त्रासाचा. ही माहिती त्या क्षणी स्टोअरकीपरकडे नसतेच. क्यूसीचा (मालाच्या गुणवत्ता तपासणीचा) निकाल, बिलाचा क्रमांक, कधीकधी बॅच नंबरसुद्धा. तरीही हिशेब विभागाच्या आग्रहाखातर ते रकाने अनिवार्य केलेले असतात.

माहिती नसताना रकाना अनिवार्य केला की त्यात कचरा भरतो. हे बैठकीत सांगून कोणाला पटत नाही, म्हणून डेव्हलपरकडून प्रत्येक अनिवार्य रकान्यासाठी एक साधी क्वेरी चालवून घेतली: गेल्या वर्षभरात त्यात काय भरलं गेलं आणि किती वेळा, जास्तीपासून कमीकडे. बिल क्रमांकाच्या रकान्यात यादीच्या डोक्यावर टिंब, शून्य आणि "एनए" हे तिघं बसले होते. त्या कागदानंतर चर्चा पाच मिनिटांत संपली. ते रकाने आवकेच्या स्क्रीनवरून काढून ज्याच्याकडे ती माहिती खरोखर येते त्याच्या स्क्रीनवर नेले.

वेळेचा हिशेब कागदावरही करता येतो. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल यांनी १९८० मध्ये मांडलेलं कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल त्यासाठी पुरेसं आहे. सराईत टायपिस्टची एक कळ ०.२ सेकंद, माऊसने नेम धरणं १.१, हात कीबोर्डवरून माऊसकडे किंवा उलट नेणं ०.४, माऊसचं बटण दाबून सोडणं ०.२, आणि मनाशी ठरवायला लागणारा वेळ १.३५ सेकंद. जुन्या स्क्रीनवर टॅबचा क्रम बिघडलेला होता, त्यामुळे पुढच्या रकान्यात जायला माऊस लागायचा: ०.४, १.१, ०.२ आणि परत येताना ०.४, म्हणजे २.१ सेकंद. टॅबने तेच काम ०.२ मध्ये होतं. एका ओळीत सहा रकाने धरले तर फरक ११.४ सेकंदांचा. पंधरा ओळींच्या चलनाला जवळपास तीन मिनिटं नुसती हात हलवण्यात जातात. टॅबचा क्रम चलनावरच्या क्रमाशी जुळवणं हे या सबंध कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फायद्याचं काम निघालं.

वेळ वाचला तरी चूक वाचेलच असं नाही. आवकेतली सगळ्यात महागडी चूक एककाची असते. पीओ किलोत, चलन पोत्यांत. स्टोअरकीपर चलनावरचा ४० हा आकडा किलोच्या रकान्यात टाकतो आणि सिस्टीम निमूटपणे घेते, कारण ४० हा आकडा वैधच असतो. यावर "कृपया एकक तपासा" असा इशारा देऊन उपयोग होत नाही. प्रत्येक वेळी येणारा इशारा आठवडाभरात न वाचता बंद केला जातो. मी आकड्याला लागूनच एकक निवडायला ठेवलं आणि खाली चालू रूपांतर दाखवलं: "४० पोती × ५० किलो = २,००० किलो; पीओवर शिल्लक २,००० किलो". आकडा जुळला की ओळ शांत राहते, शिल्लकेपेक्षा जास्त झाला की तिथल्या तिथे अडवते. दुबार चलनाचंही तसंच. पुरवठादार, चलन क्रमांक आणि आर्थिक वर्ष या तिन्हींची तपासणी चलन क्रमांक लिहून होताच करायची. ४० ओळी भरून सेव्ह दाबल्यावर "हे चलन आधीच नोंदलेलं आहे" असं सांगणाऱ्या सिस्टीमवर माणूस चिडतो, आणि पुढच्या वेळी क्रमांकामागे एक टिंब जोडून नोंद पुढे रेटतो.

मंजुरीची स्क्रीन हा वेगळा विषय. "वर तपासणारा आहेच" हा भरवसा किती पोकळ असू शकतो याचं जाहीर उदाहरण सिटीबँकेचं आहे. ऑगस्ट २०२० मध्ये या बँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जदात्यांना कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचं होतं. प्रत्यक्षात सुमारे ९० कोटी डॉलर बाहेर गेले. फ्लेक्सक्यूब या प्रणालीत मुद्दल बँकेबाहेर जाऊ नये म्हणून 'प्रिन्सिपल' बरोबर 'फ्रंट' आणि 'फंड' हे रकानेही भरायला हवे होते. भरला गेला तो एकटा 'प्रिन्सिपल'. व्यवहार तीन माणसांच्या नजरेखालून गेला होता. सुमारे ५० कोटी डॉलर परत करायला कर्जदात्यांनी नकार दिला, फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयानेही त्यांचीच बाजू घेतली, आणि तो निकाल सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात फिरला. तिघांनाही रकाने दिसत होते, परिणाम दिसत नव्हता. म्हणून मंजुरी देणाऱ्याला तोच फॉर्म पुन्हा दाखवायचा नाही. त्याच्या स्क्रीनवर मी चारच गोष्टी ठेवल्या: या नोंदीने साठा किती वाढेल, पुरवठादाराला किती देणं लागेल, पीओशी फरक किती, आणि ज्या ओळींत फरक आहे तेवढ्याच ओळी.

नमुना आधी एक्सेलमध्ये केला, मग क्लिक करता येईल असा. त्यात खरा डेटा घालणं मी सक्तीचं मानतो. "टेस्ट आयटम १" अशा नावांनी कुठलीही स्क्रीन देखणी दिसते. खऱ्या आयटमचं नाव ६० अक्षरांचं असतं आणि नेमका साइजचा भाग शेवटी येतो, जो रकान्यात कापला जातो. अर्धवट आलेला माल, नाकारलेला माल, एकाच चलनात दोन पीओ, आणि नेट गेल्यावर अर्धी भरलेली नोंद: या चार अवस्था नमुन्यात नसतील तर चाचणी घेऊ नये.

चाचणीला पाच माणसं पुरतात असं सर्रास सांगितलं जातं. नील्सन आणि लँडॉअर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांच्या सूत्रात एका माणसाला एक दोष सापडण्याची सरासरी शक्यता ३१ टक्के धरली आहे, त्यावरून पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. पण गुंतागुंतीच्या सिस्टीममध्ये हीच शक्यता १५ टक्क्यांवर आली तर तेच पाच जण जेमतेम ५६ टक्के दोष पकडतात. त्यामुळे पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घेतल्या आणि प्रत्येक फेरीनंतर दुरुस्ती केली. स्टोअर आणि हिशेब विभागाची माणसं एकाच फेरीत मिसळली नाहीत. चाचणीत सगळ्यात अवघड काम म्हणजे गप्प बसणं. "इथे क्लिक करा" हे दोन वेळा ओठांवर आलं; दोन्ही जागी पुढे मोठी दुरुस्ती करावी लागली.

वेग हाही डिझाइनचाच भाग आहे, जरी तो डेव्हलपरचा प्रांत समजला जातो. ०.१ सेकंदाच्या आत उत्तर आलं तर ते तत्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर माणूस दुसऱ्या कामाला लागतो. आमच्या स्क्रीनवर प्रत्येक टॅबनंतर रकाना सर्व्हरवर तपासायला जायचा आणि तेवढा वेळ कर्सर गोठायचा. साध्या तपासण्या ब्राउझरमध्ये आणल्या, पीओची सगळी माहिती पीओ निवडतानाच एकदा मागवून घेतली.

अक्षरांच्या बाबतीत डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या नियमावलीचा निकष धरला: सामान्य आकाराच्या मजकुराला किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट. पांढऱ्यावर फिकट करडा, जो डिझायनरांना फार आवडतो, त्यात नापास होतो. गोदामाच्या जुन्या मॉनिटरवर तर तो दिसतच नाही.

माझी मोठी चूक मोकळ्या जागेची झाली. ओळींची उंची वाढवल्यावर एका वेळी १८ ऐवजी ९ ओळी दिसू लागल्या. स्क्रीन सुटसुटीत दिसायला लागली आणि कामाची गती पडली, कारण चलन एका नजरेत ताडून बघता येईना. दिवसभर एकच स्क्रीन वापरणाऱ्याला दाटी चालते, सरकवणं चालत नाही. ओळी पुन्हा दाट केल्या. दुसरी चूक शॉर्टकटची: एफ ८ वर आधी सेव्ह होतं, मी ते तर्कशुद्ध वाटणाऱ्या दुसऱ्या कळीवर नेलं. दहा वर्षांची बोटांची सवय तर्काला जुमानत नाही. तेही परत आणलं.

नवी स्क्रीन महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चालू केली, महिनाअखेर आणि साठा मोजणीपासून दूर. जुनी स्क्रीन चार आठवडे सोबत ठेवली. पहिल्या काही दिवसांत अनुभवी माणसांचा वेग कमीच होतो. ही गोष्ट वरिष्ठांना आधी लेखी कळवून ठेवावी, नाहीतर तिसऱ्या दिवशी "जुनंच बरं होतं" असा निर्णय होतो. मोजमापाला एसयूएस ही सिस्टीम वापरायला किती सोपी वाटते ते मोजणारी प्रश्नावली वापरली: जॉन ब्रुक यांची १९८६ ची दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. विषम विधानांच्या गुणांतून १ वजा करायचा, सम विधानांचे गुण ५ मधून वजा करायचे, बेरीज २.५ ने गुणायची. ६८ च्या आसपास सरासरी समजतात. विधानं आलटून पालटून होकारी-नकारी असतात. मराठीत दिली की घाईत वाचणारा नकारी विधानावरही ५ ठोकून मोकळा होतो. प्रत्येकाचा कागद घेताना सम विधानं एकदा डोळ्याखालून घालावी लागली.

काढून टाकलेल्या रकान्यांपैकी एकच परत आला: वाहन क्रमांक. तक्त्यात त्याच्यापुढे "कोण वाचतो" ही जागा कोरी होती, कारण मी स्टोअर, खरेदी आणि हिशेब विभागांनाच विचारलं होतं. वजनकाट्याच्या पावत्या महिन्यातून एकदा त्याच क्रमांकावरून ताडल्या जात होत्या, आणि ते काम करणारा माणूस ईआरपीत लॉगिनच करत नव्हता. त्याला छापील रिपोर्ट जायचा. आता रकाना काढण्याआधी तो कोणकोणत्या रिपोर्टमध्ये छापला जातो हे आधी शोधतो. वाहन क्रमांक गेटवरच्या नोंदीतून आपोआप येतो आणि स्टोअरकीपरला तो फक्त वाचायला दिसतो.