इंकांचा उदय पाहायचा तर कुस्कोत चार दिवस

पेरूतलं कुस्को, म्हणजे इंकांची जुनी राजधानी, 3,400 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. विमानातून उतरून लगेच अवशेष चढायला घेतले की संध्याकाळपर्यंत डोकं ठणकतं आणि दुसरा दिवसही वाया जातो. म्हणून विमानतळावरून गाडीने थेट ओयान्तायताम्बो हे इंका अवशेषांचं गाव गाठलं. साधारण दोन तास लागतात. ते 2,800 मीटरवर आहे, तिथे दोन रात्री काढल्या की शरीर रुळतं.

आधी 'बोलेतो तुरिस्तिको', म्हणजे अनेक अवशेषांचं एकत्र तिकीट काढा: 130 सोल (पेरूचं चलन), मुदत 10 दिवस. ओयान्तायताम्बो, पिसाक आणि कुस्कोजवळचं साक्सायवामान हे अवशेष त्यात येतात, कुस्कोतलं सूर्यमंदिर कोरिकांचा नाही. रोख सोल जवळ असू द्या.

ओयान्तायताम्बोला सकाळी सातलाच आत शिरा, नंतर पायऱ्यांवर रांग लागते. वर गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत आणि त्यांच्या मधल्या फटींत अरुंद दगडी पट्ट्या चपखल बसवल्यात. दगड आला नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून. वाटेतच राहून गेलेल्यांना तिथे 'थकलेले दगड' म्हणतात. काम अर्धवट सुटल्याचं याहून स्पष्ट दिसणार नाही.

पिसाकला टॅक्सीने वरच्या दाराशी उतरा आणि पायऱ्यांनी गावात या. खालून चढलात तर धाप लागते. पाऊस पडला असेल तर मात्र उतरताना जपून.

कुस्कोतही तेच तंत्र: बसने ताम्बोमाचायपर्यंत, मग पुका पुकारा, केन्को हे छोटे अवशेष करत साक्सायवामानला उतरायचं. चाल काही किलोमीटरांची. वाटेत पाणी मिळेलच असं नाही. साक्सायवामानच्या नागमोडी तटातले काही दगड 100 टनांहून जड आहेत. इथे गाईड हमखास एकच गोष्ट सांगतात: 1438 मध्ये चांका ही शेजारची जमात चालून आली, इंका राजा विराकोचा शहर सोडून गेला, मुलगा लढला, पाचाकुती या नावाने राजा झाला आणि साम्राज्य उभं राहिलं. गोष्ट रंगतदार, पण ती स्पॅनिश बखरकारांनी इंका राजघराण्याकडून ऐकलेली. कुस्कोच्या खोऱ्यात सापडणारी किल्के नावाच्या जुन्या शैलीची मडकी या लढाईच्या चारेक शतकं आधीपासूनची आहेत. सत्ता हळूहळू मुरत होती, पाचाकुतीने तिला वेग दिला.

कोरिकांचा शेवटी ठेवा. 1950 च्या भूकंपात वरच्या स्पॅनिश मठाची पडझड झाली, खालच्या इंका भिंती टिकल्या. आत जायला वेळ नसेल तर अवेनिदा एल सोलवरून ती गोलाई घेतलेली भिंत बिनतिकीट दिसते.