छातीला लागलेलं पाणी

नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीचं कर आकारणीचं रजिस्टर. त्यात घराची नोंद झाली की घरपट्टी सुरू होते, पावती मिळते आणि त्या पावतीवर पुढे विजेचं मीटर येतं. कायद्यानं ही नोंद मालकीचा पुरावा नाही, बांधकामाची परवानगी तर मुळीच नाही. पण गावात तिला फार वजन आहे. मी गावची ग्रामसेविका. त्याच रजिस्टरात दोन वर्षांपूर्वी मी डोंगरावरच्या तीन फार्महाऊसची नोंद केली. जागेवर न जाता केली. अर्ज, सात-बारा, शपथपत्र, फोटो, सगळं नीट जोडलेलं होतं. मासिक सभेत विषय आला, कुणी काही बोललं नाही, मी सही केली. पुढचं सगळं त्या सहीपासून सुरू होतं, म्हणून ती आधी सांगितली.

गाव सातपुड्याच्या पायथ्याचं, अनेर आणि गूळ या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातलं. नाव लिहीत नाही. वर वनखात्याची हद्द, खाली केळी आणि कापूस, आणि दोन्हींच्या मध्ये डोंगराच्या उताराचे काही खासगी गट. सात-बाऱ्यावर त्यातलं बरंचसं क्षेत्र पोटखराबा म्हणून लागलेलं. अंजन, पळस, सालई, कुसळी गवत आणि सीताफळीची झुडपं. गावातली गुरं तिथंच चरतात. ऑक्टोबरात बायका पाट्या घेऊन सीताफळं काढायला जातात आणि तालुक्याच्या बाजारात विकतात.

ही जमीन कागदावर पडीक दिसते, पण गावाच्या विहिरी तिच्यावर जगतात. सातपुड्याचा कातळ संपून तापीचा गाळ सुरू होतो त्या सांध्यावर दगडगोट्यांचा पट्टा आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. पावसाळ्यात नाला डोंगरावरून धो धो येतो आणि या गोट्यांमध्ये शिरला की अर्ध्या किलोमीटरमध्ये गडप होतो. तेच पाणी पुढे खालच्या मळ्यांतल्या विहिरींना लागतं. शेजारच्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून, बंधारे बांधून पाणी जमिनीत मुरवलं, ते पाहून आमच्या गावातलेही कितीतरी जण आले होते. त्यामुळे पाणी मुरणं म्हणजे काय, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. मला मात्र ते त्या सहीच्या वेळी सुचलं नव्हतं.

शहरातल्या एका प्लॉटवाल्यानं उतारावरचे दोन गट घेतले. शेतजमीन गुंठ्यागुंठ्यानं विकायला तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आड येतो, म्हणून त्यानं सामाईकात हिस्से विकले. एका गटावर अठरा नावं. ती तीन फार्महाऊस याच गटांवरची. मग जेसीबी आला. डोंगराच्या अंगावर नागमोडी रस्ता काढला आणि निघालेला मुरूम तसाच उतारावर लोटून दिला. जुलैत एका रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी पाहिलं तर तो सगळा मुरूम नाल्यात उतरलेला, सिमेंटचा बंधारा तोंडापर्यंत भरलेला. बंधाऱ्याखालच्या एका विहिरीत तर इतका गाळ गेला की मोटार जॅम झाली. ते शेतकरी माझ्याकडे आले, पण भांडायला नाही. खिशातून नमुना ८ चा उतारा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, हाई सही तुम्हनीच शे ना?"

त्या रात्री मी जेवले नाही.

२ ऑक्टोबरला पुढच्या वर्षाच्या गाव आराखड्याची ग्रामसभा होती. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती १ तारखेला मंदिरात झाली. एरवी या सभेत शौचालय आणि रेशन हेच विषय असतात. या वेळी वरच्या वस्तीवरची एक आजी उठली आणि म्हणाली, "डोंगर फोडशात ते पानी कथाईन येई?" एवढं बोलून खाली बसली. तिच्या वस्तीच्या हापशाला गढूळ पाणी येऊ लागलं होतं. बायकांनी एकमतानं सांगितलं, डोंगरावर घरं नकोत, तसं आराखड्यात लिहा.

लिहायला माझी ना नव्हती. पण ग्रामपंचायतीच्या हातात किती आहे, हे मला त्यांना खरं सांगावं लागलं. गावठाणाबाहेरच्या बांधकामाची परवानगी आपण देत नाही, ती जिल्ह्यावरून येते. आपल्या हातात आहे ते एवढंच: ना हरकत दाखला, नमुना ८ ची नोंद, नळाचं कनेक्शन, आणि वित्त आयोगाच्या निधीतून कुठला रस्ता करायचा ते. या चार गोष्टी डोंगरावर द्यायच्या नाहीत असं ठरवता येतं. पण 'डोंगर' म्हणजे नेमका कुठून? रेषा कुठं मारायची?

त्याचं उत्तर नियमात आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे १:५ पेक्षा तीव्र उताराची डोंगराळ जागा बांधकामाला चालत नाही. पाच मीटर आडवं गेल्यावर जमीन एक मीटरहून जास्त चढत असेल, तर तिथं घर नको. संध्याकाळी कार्यालयात मी भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा पसरला. प्रमाण १:५०,०००, दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरची उंची. १:५ च्या उतारावर वीस मीटर चढायला शंभर मीटर आडवं अंतर लागतं, आणि शंभर मीटर म्हणजे या नकाशावर दोन मिलिमीटर. म्हणून दोन रेषा दोन मिलिमीटरपेक्षा जवळ आल्या की तिथून वर बांधकाम नाही. मी पट्टी लावून दाखवत होते. सरपंचताई, दोन सदस्य आणि दारात उभे असलेले नाना बघत होते.

नाना म्हणाले, "कागदवर समदा डोंगर सपाटच दिखस."

नानांचा अडीच एकराचा गट त्या उतारावरच आहे. त्यांनीही प्लॉटवाल्याकडून इसार घेतला होता. नातीला नर्सिंगला घातलंय, तिची फी भरायची होती. ठराव झाला तर त्यांचा सौदा मोडणार, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. कोपऱ्यात बसलेला गावातला गवंडी म्हणाला, "मॅडम, नकाशा राहू द्या. सकाळी माझी नळी घेऊन जाऊ."

लेव्हलची नळी म्हणजे बारीक पारदर्शक पाइप. जुने गवंडी तिला पाणसळ म्हणतात. त्यात पाणी भरायचं, बुडबुडे काढायचे. दोन टोकं कितीही लांब धरली तरी दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत थांबतं.

२ तारखेला सकाळी सातला आम्ही वर गेलो. वीस-पंचवीस माणसं, मागे पोरं. गवत दवानं ओलं होतं, सीताफळं डोळे उघडायला लागली होती. प्लॉटवाल्याच्या कापलेल्या रस्त्याला मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. कापलेल्या भिंतीतून अंजनाची मुळं लोंबत होती, माणसाच्या मनगटाएवढी, आणि त्यांच्यामधून अजूनही बारीक मुरूम सरसर गळत होता. पाऊस थांबून आठवडा झाला होता. कुणी पाय ठेवला नाही तरी गळत होता.

गवंड्यानं पाच मीटरची दोरी कापून घेतली. नळीचं वरचं टोक त्यानं जमिनीला टेकवून स्वतः धरलं. खालचं टोक धरायला त्यानं हाक मारली, "कोण येतं?" कुणी हललं नाही. मग नाना पुढे झाले. मला वाटलं ते आम्हाला थांबवायला येताहेत. त्यांनी चपला काढल्या, दोरीचं टोक आणि नळी एकाच हातात धरली आणि पाठीमागं पाठीमागं उतारावरून खाली गेले. दोरी आडवी, ताठ झाली. नळीतलं पाणी वरखाली हललं आणि थांबलं.

ते नानांच्या छातीला लागलं होतं. सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाला.

कुणीतरी टेप लावला. एक मीटर तीस. नाना त्या नळीकडे खाली मान घालून बघत राहिले. त्यांच्या सदऱ्यावर नळीतून दोन थेंब सांडले होते. ती जमीन त्यांचीच होती. सौद्यात गेलेल्या गटाच्या बांधावर आम्ही उभे होतो.

गवंडी म्हणाला, "नाना, कमरेपर्यंत चालतं." एक मीटर म्हणजे साधारण कंबर, हे त्यानं स्वतःच्या हिशेबानं सांगितलं. पण ते सगळ्यांना एका क्षणात कळलं. मग खाली खाली येत आम्ही सहा ठिकाणी मापं घेतली. पोरांमध्ये चढाओढ लागली, कोण खालचं टोक धरणार. पाणी कमरेच्या खाली आलं, तिथं दगड रचून चुना टाकला. जवळपास सगळीकडे ती खूण जुन्या पाणंदीच्या, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या वाटेच्या, वरच्या बाजूला आली. आमच्या आजोबा-पणजोबांनी पाणंद जिथं काढली, तिच्या वरच्या अंगाला कधी घर बांधलं नव्हतं. सरपंचताई म्हणाल्या, "मग रेषा तीच धरू. पाणंद."

अकराला ग्रामसभा. कोरम पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, जे कमी असेल ते. त्या दिवशी शंभराच्या वर सह्या झाल्या. प्लॉटवाल्याच्या वतीनं दोन माणसं आली होती. विकास थांबवता का, गावाला कर मिळेल, रोजगार मिळेल, असं बोलली. मुद्दा खोटा नव्हता. तीन घरांची घरपट्टी ग्रामपंचायतीला आलीच होती. मी उठून आकडा सांगितला: त्या तीन घरांची वर्षाची घरपट्टी आणि बंधाऱ्यातला गाळ काढायला लागणारं जेसीबीचं भाडं. पुढे कुणाला काही बोलावं लागलं नाही. मग मी माझ्या सहीबद्दल बोलले. स्थळपाहणी न करता मी नोंदी केल्या, तसा लेखी अहवाल मी गटविकास अधिकाऱ्यांना पाठवणार आहे, हे सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज कापत होता. कुणी हसलं नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. ते बरंच झालं.

ठराव असा झाला: पाणंदीच्या वरच्या अंगाला ना हरकत नाही, नवीन नोंद नाही, नळ नाही, रस्ता नाही. मुरूम उपशाची तक्रार तहसीलदारांकडे, जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली. आणि हा पट्टा डोंगरउतार म्हणून राखावा, अशी मागणी जिल्हाधिकारी आणि नगर रचना कार्यालयाकडे. चोवीस तास कुणी डोंगरावर पहारा देणार नाही, हे मला ठाऊक आहे. वरून परवानगी आली तर आमचा ठराव किती टिकेल, याची काळजी मला आजही आहे.

नानांच्या गटासाठी रोजगार हमीतून सीताफळाची फळबाग आणि सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे खणलेले पाणी मुरवायचे चर, आराखड्यात घेतले. तीन वर्षं मजुरी मिळेल, पुढे फळ. पण प्लॉटच्या भावाशी त्याची बरोबरी होत नाही. ग्रामसभेत मी तसं म्हणाले. एका माणसाच्या खिशातून गावाचं पाणी राखायचं असेल, तर गावानं ते निदान मोठ्यानं कबूल करायला हवं.

हात वर झाले. नानांचा हात वर नव्हता.

दुपारी मी इतिवृत्त लिहीत बसले होते. नाना आले, समोरच्या बाकावर बसले. सदऱ्यावर मुरमाचा डाग तसाच होता.

"मन्हा इरोध लिखी ल्या, ताई," ते म्हणाले.

मी लिहिलं. त्यांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"पन आकडा खरा शे," ते म्हणाले. "एक मीटर तीस. मीच धरेल होतू. हाई बी लिखा."

मी दोन्ही लिहिलं. त्यांनी खाली सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.