हजेरीपटाची दुर्बीण

स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि आधी आठवलं ते आठवी 'ब'चं दार. पहाटे पेपरची लाइन टाकून सायकल कितीही हाणली तरी माझी प्रार्थना हुकायचीच. पहिला तास सरांचा. (सर म्हणजे इंग्रजीचे, आमच्या तुकडीला नाव सांगायची गरज नाही.)

त्या दिवशी फळ्यावर होतं, 'टर्न अ ब्लाइंड आय'. एकाने अर्थ सांगितला, 'आंधळा डोळा फिरवणे'. वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी उजव्या डोळ्यावर आपला निळ्या चौकटींचा रुमाल बांधला, हजेरीपटाची सुरळी केली आणि टेबलाचं झालं ब्रिटिश आरमारातल्या नेल्सनचं 'एलिफंट' जहाज. २ एप्रिल १८०१, कोपनहेगन. डॅनिश तोफा आग ओकतायत. लांबून सरसेनापती हाइड पार्करच्या जहाजावर ३९ नंबरचा सिग्नल चढला : लढाई थांबवा! नेल्सनचा उजवा डोळा १७९४ साली कॉर्सिकात, काल्वीच्या वेढ्यात निकामी झालेला. पठ्ठ्याने दुर्बीण नेमकी त्याच डोळ्याला लावली.

"मला सिग्नल दिसत नाही!" सर गरजले, आणि सुरळी दाराकडे वळली. दारात मी, हाताला शाईचा काळा रंग. सुरळी क्षणभर माझ्यावर थांबली.

"उशिरा आलेलंही कुणी दिसत नाही बुवा. चला, जागेवर."

मग त्यांनी खाली मराठी लिहिलं, 'काणाडोळा करणे'. म्हणाले, आपल्याकडे यासाठी कुणाला लढाईवर जावं लागलं नाही. वर्षअखेर माझ्या नावापुढे उशिराची एकही खूण नव्हती.

पुढे वाचनात आलं, नेल्सनने डोळ्यावर पट्टी कधी बांधलीच नव्हती. दुर्बिणीच्या किश्शावरही इतिहासकारांची घासाघीस चालूच आहे, जहाजावर हजर असलेल्या कर्नल स्टुअर्टने हकिगत लिहून ठेवली असली तरी. असू दे. माझा नेल्सन रुमालवालाच.

मी लेखापरीक्षक झालो. काणाडोळा न करण्याचा पगार ३३ वर्षं घेतला. सरांना हे सांगून हसवायचं होतं. ते गेले तेव्हा मी दौऱ्यावर होतो.

परवा शाळेत डोकावलो. दाराशी आता हजेरीचं यंत्र आहे. एक पोरगा धापा टाकत आला, कार्ड टेकवलं, लाल दिवा लागला. तो कार्ड शर्टाला पुसून पुन्हा पुन्हा टेकवत होता.