गाडी नको, चालत जाऊ!

काल पुण्यातले गणपतीचे देखावे बघायला निघायचं तर घरात आधी तासभर चर्चासत्र. नवरोबांचं म्हणणं, स्कूटर काढू. अहो, गणपतीत संध्याकाळनंतर लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता गाड्यांना बंद. स्कूटर नदीपात्रात लावायची आणि परत येताना मोबाईलच्या उजेडात हुडकत बसायची? लेकीला कॅब हवी होती. ॲपवरचा आकडा बघून तिनेच फोन खाली ठेवला. कोथरूडहून मंडईपर्यंत चालायला माझी तयारी होती, पण बरोबर सासूबाई. मेट्रोने सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडईला उतरता येतं खरं, पण मग वाटेतलं सगळं हुकतं!

शेवटी डेक्कनपर्यंत मेट्रो, पुढे पायी. लकडी पूल ओलांडून अलका चौकात आलो आणि ढोलांचा आवाज थेट छातीत. केसरीवाडा, मग लक्ष्मी रस्त्याने गुरुजी तालीम, तुळशीबाग असे मानाचे गणपती. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून सासूबाई चक्क उड्या मारत होत्या. एरवी गुडघे दुखतात म्हणून भाजीलासुद्धा खाली उतरत नाहीत! मधेच एका ओट्यावर टेकल्या, चपला काढल्या, गरम कणीस मागवलं आणि लिंबू-तिखट कमी म्हणून त्या मुलाला परत लावायला लावलं.

परतीला मात्र सगळ्यांचे पाय बोलायला लागले. रिक्षावाला म्हणाला, "मीटर नाही, ताई. पुलापलीकडे या, मग बघू." पुलापलीकडे चालत गेल्यावर रिक्षा कशाला? मेट्रो उशिरापर्यंत होती. उभ्याने आलो, पण आलो.

आज सासूबाई विचारतायत, कसबा गणपती राहिला, तो कधी?