कमळांच्या टेकडीवर, चालत्या पुतळ्यापाशी

कामानिमित्त हाँगकाँगला गेलो होतो आणि एक रविवार मोकळा सापडला. चीनचा व्हिसा होताच. लो वूपर्यंत ट्रेनने गेलो, नदीवरचा बंदिस्त पूल पायी ओलांडला आणि सीमेपलीकडच्या चिनी शहरात, शेन्झेनमध्ये, शिरलो. बरोबरचे सगळे खरेदीला पांगले. मी चीनची अर्थव्यवस्था खुली करणाऱ्या डेंग शियाओपिंग या नेत्याचा पुतळा बघायला जाणार म्हटल्यावर जरा हसलेच.

लुओहूनंतरचं पहिलंच मेट्रो स्टेशन ग्वोमाव. त्याच नावाची 53 मजली इमारत बघायला तिथे उतरलो. 1985 साली ती पुरी झाली. तीन दिवसांत एक मजला चढायचा म्हणे, त्यावरून ‘शेन्झेनचा वेग’ हा शब्दप्रयोगच रूढ झाला. आता शेजारच्या काचेच्या मनोऱ्यांपुढे बिचारी अंग चोरून उभी आहे. जानेवारी 1992 मध्ये 87 वर्षांचे डेंग इथल्या वरच्या मजल्यावरच्या फिरत्या रेस्टॉरंटमधून शहर न्याहाळत होते. तेव्हा त्यांच्याकडे सरकारात किंवा पक्षात एकही पद नव्हतं. ब्रिज खेळणाऱ्यांच्या संघटनेचं मानद अध्यक्षपद तेवढं होतं! आर्थिक सुधारणा पुढे रेटण्यासाठी काढलेल्या त्यांच्या या दौऱ्याबद्दल बीजिंगची वर्तमानपत्रं कित्येक आठवडे मूग गिळून होती. मार्चअखेर शेन्झेनच्या स्थानिक दैनिकाने सविस्तर बातमी छापली आणि ऑक्टोबरच्या पक्ष अधिवेशनाने ‘समाजवादी बाजार अर्थव्यवस्था’ हे धोरण म्हणून स्वीकारलं.

पुढे मेट्रो बदलून लिआनहुआशानला पोचलो. नावाचा अर्थ कमळांची टेकडी. पर्वती चढायची सवय असेल तर दमायला होत नाही. माथ्यावर डेंगसाहेबांचा सहा मीटर उंच ब्राँझचा पुतळा, नोव्हेंबर 2000 मध्ये बसवलेला. कोट वाऱ्यावर उडतोय, एक पाय पुढे. प्रत्यक्षात माणूस जेमतेम पाच फुटांचा.

त्या पुढे टाकलेल्या पायाकडे बघताना मला वेगळंच चालणं आठवत होतं. माओंनी 1966 मध्ये छेडलेल्या सांस्कृतिक क्रांतीत, पक्षातल्या ‘विरोधकां’च्या साफसफाईत, त्यांची पदं गेली. 1969 मध्ये त्यांना जिआंगशी प्रांतात धाडलं, नानचांगजवळच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यात. काम फिटरचं. तरुणपणी फ्रान्समध्ये रेनॉच्या कारखान्यात हेच काम केलेलं, म्हणजे हात सरावाचा होता! घरून कारखान्यात जायला लांबचा वळसा पडे, म्हणून कामगारांनी मागची भिंत फोडून त्यांच्यासाठी एक पायवाट काढून दिली. पक्षाचा माजी सरचिटणीस पत्नीसोबत रोज त्या वाटेने ये-जा करायचा. रेड गार्ड्सच्या, म्हणजे माओंच्या तरुण समर्थकांच्या, छळात थोरला मुलगा इमारतीवरून पडून कायमचा अपंग झालेला. पुढे तो त्यांच्याकडे राहायला आला तेव्हा त्याला अंघोळ घालायचं काम बाप स्वतः करी. 1973 मध्ये परत बोलावणं आलं, 1976 मध्ये पुन्हा हकालपट्टी, 1977 मध्ये पुन्हा हजर. राष्ट्राध्यक्ष किंवा पंतप्रधान ते कधीच झाले नाहीत, पण 1978च्या अखेरीपासून देशाची सूत्रं त्यांच्याच हाती होती.

ती पायवाट म्हणे अजून जपून ठेवली आहे. मला पुतळ्यापेक्षा ती बघायला आवडली असती. माथ्यावर सगळा विजयाचाच थाट. फुलं वाहणारे, सेल्फी काढणारे, पुतळ्यासारखा पाय पुढे टाकून पोज देणारा एक पोरगा. जून 1989 मध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातल्या आंदोलकांवर सैन्य घालण्याचा निर्णयही याच माणसाचा, पण त्याचा उल्लेख मला तिथे कुठे दिसला नाही. दिसेल अशी अपेक्षाही नव्हती.

खाली नागरी केंद्राचं पंख पसरलेलं छप्पर, त्यामागे 599 मीटरचा पिंग आन मनोरा. दुपारी धुरकट झालं आणि मनोऱ्याचं टोक दिसेनासं झालं.

हाँगकाँग चीनकडे परत आल्यावर तिथे एकदा जाऊन यायची डेंगना फार इच्छा होती. हस्तांतरण 1 जुलै 1997 ला झालं, ते गेले त्याच वर्षी, त्याआधीच, 19 फेब्रुवारीला. संध्याकाळी त्याच पुलावरून मी परत निघालो, तेव्हा इमिग्रेशनची रांग पार जिन्यापर्यंत आली होती.