संशोधन संस्थेत शिकवतं कोण?

एमएस्सी होत आलेली मुलं आणि त्यांचे पालक हमखास विचारतात: "तिथे ना वर्ग, ना तास. मग पीएचडीला शिकवतं कोण, आणि पदवी देतं कोण?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

पदवीचं त्यातल्या त्यात सोपं आहे. पुण्याची एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संस्था गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारातच आहे. पैसा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा, पीएचडीची नोंदणी मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. परळच्या हाफकिन या जीववैद्यकीय संशोधन संस्थेला मुंबई विद्यापीठ, खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राला होमी भाभा राष्ट्रीय संस्था (तीही अभिमत विद्यापीठच). प्रवेश संस्थेत, प्रमाणपत्र विद्यापीठाचं. वर्ग अगदीच नसतात असंही नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान १२ आणि कमाल १६ क्रेडिटचा कोर्सवर्क करावा लागतो, त्यात संशोधन आणि प्रकाशनातली नीतिमत्ता सक्तीची. बहुतेक जण तो उरकून टाकतात. त्यातली सांख्यिकी तेवढी उरकू नका.

खरं शिक्षण बेंचवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या टेबलापाशी होतं आणि ते बहुतेक वेळा गाइड देत नाही, सिनिअर देतो. त्याचा अभ्यासक्रम कुठे छापलेला नसतो. सेल कल्चरचंच, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचंच घ्या. फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने सोडवायच्या आणि नव्या फ्लास्कमध्ये लावायच्या, एवढंच काम. जुनं मीडियम (पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव) काढा, पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) धुवा, टी-२५ फ्लास्कला साधारण १ मिली ट्रिप्सिन घाला, ३७ अंशांवर तीन-चार मिनिटं ठेवा, पेशी गोल होऊन सुटल्या की सिरमवालं (रक्तातला द्रव घातलेलं) मीडियम घाला. नवखा मुलगा धुण्याची पायरी घाईत करतो. मीडियममध्ये १० टक्के सिरम असतं आणि सिरम ट्रिप्सिनला निकामी करतं; ते तळाशी उरलं की पेशी सुटत नाहीत. मग हा पठ्ठ्या आणखी दहा मिनिटं थांबतो, फ्लास्क आपटतो, पेशी फुटतात, त्यांचा डीएनए बाहेर येऊन सगळ्याचे गोळे होतात. प्रोटोकॉलमध्ये 'पीबीएसने धुवा' एवढंच लिहिलेलं असतं. का धुवायचं, हे शेजारी उभा असलेला सिनिअरच सांगतो.

मोजणीचंही तसंच. पेशी नळीच्या तळाशी बसतात. न ढवळता वरचा थेंब घेतला की आकडा निम्म्यावर येतो. समप्रमाणात ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशी ओळखायचा निळा रंग) मिसळून मोजणीच्या काचेवरच्या कोपऱ्यांतल्या चार चौकोनांची सरासरी ५० आली, तर ५० गुणिले २ गुणिले १०,०००, म्हणजे मिलीला १० लाख. त्यातला २ विसरणारे दरवर्षी निघतात.

सगळ्यात वाईट शत्रू मायकोप्लाझ्मा, हा एक अतिसूक्ष्म जिवाणू. साधा जिवाणू शिरला तर मीडियम गढूळ होतं, पिवळं पडतं, दुसऱ्या दिवशी कळतं. मायकोप्लाझ्माने काहीच दिसत नाही. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन लागू पडत नाही, आणि आकार इतका लहान की नेहमीच्या ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटतो. पेशी वाढत राहतात, फक्त उत्तरं चुकीची येतात. म्हणून ठरावीक काळाने पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी चाचणी) करून बघायचं, आणि दुसऱ्या लॅबमधून आलेल्या पेशी तपासणी होईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या. जिथे ही शिस्त नाही, तिथे गाइडचं नाव कितीही मोठं असो, माझ्या मते जाऊ नये.

हाताचं शिक्षण सहा महिन्यांत होतं. डोक्याचं लॅब मीटिंगमध्ये होतं, आणि ते बोचतं. विद्यार्थी तीन मोजणींच्या सरासरीचा आलेख दाखवतो, एरर बार (मोजणींतला फरक दाखवणाऱ्या रेघा) अगदी चिमुकले. मागून प्रश्न येतो: "हे तीन म्हणजे कोणते तीन?" एकाच फ्लास्कमधल्या पेशी एकाच दिवशी प्लेटच्या तीन खळग्यांत टाकल्या असतील, तर तो प्रयोग एकदाच झाला. तीन खळगे फक्त तुमचं पिपेट किती नेमकं चालतं ते सांगतात. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या खेपेच्या पेशी घेऊन तीनदा केला तर ते तीन. सांख्यिकी उरकू नका म्हटलं ते यासाठी. या एका प्रश्नाने महिनाभराचं काम परत करावं लागतं. थिसिस लिहिताना तो निघण्यापेक्षा ते परवडलं.

उंदरांवर काम असेल तर संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी, रुग्णांचे नमुने असतील तर मानवी संशोधनाची वेगळी समिती, जनुकीय बदल केलेल्या पेशी वा जिवाणू असतील तर जैवसुरक्षा समिती. या समित्या रोज बसत नाहीत. अर्जात किती उंदीर आणि तेवढेच का, याचा हिशेब नसला की अर्ज पुढच्या बैठकीवर जातो आणि दोन-तीन महिने हातचे जातात. म्हणून कोर्सवर्क चालू असतानाच अर्ज लिहायला घ्या.

आणि पैशाचं. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, एसआरएफ (वरिष्ठ) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. दोन्ही मिळून पाच वर्षं. फेलोशिपचं घड्याळ रुजू झाल्या दिवशी सुरू होतं, विद्यापीठातली नोंदणी मात्र कधी कधी बरीच मागाहून होते. नियमाने थिसिस नोंदणीनंतर तीन वर्षांच्या आत देता येत नाही, सहा वर्षांपर्यंत मुदत असते. नोंदणी वर्षभर रखडली तर फेलोशिप संपल्यावरही काम शिल्लक राहू शकतं. मुलाखतीला जाल तेव्हा गाइडच्या शोधनिबंधांबद्दल विचाराच, पण त्यांच्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांना गाठून रुजू झाल्याची आणि नोंदणीची तारीख, दोन्ही विचारून घ्या.