तुम्ही विचारलेत म्हणून: घरी गाडी असताना भाजीला सायकलवर का?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमची चारचाकी उभी असते आणि तिच्या शेजारी माझी सायकल. सकाळी मी सायकलचे कुलूप काढताना दिसले की जाता-येता कोणीतरी विचारतेच, "काकू, घरी गाडी आहे ना, मग भाजीला सायकलवर का जाता?" विचारणारे बहुधा उत्तरही सोबत घेऊनच येतात. काहींना वाटते, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला असावा. काहींच्या मते हा पेट्रोल वाचवण्याचा उद्योग आहे. आणि तरुण मंडळी मला पर्यावरणवादी समजून उगाचच आदराने पाहतात. तिन्ही उत्तरांना मी आजवर मान डोलावत आले, कारण फाटकात उभ्या उभ्या सांगण्याइतके खरे उत्तर सुटसुटीत नाही. आता तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मी सायकलवर जाते ती स्वयंपाक नीट व्हावा म्हणून.

काही वर्षांपूर्वीपर्यंत आमची भाजी गाडीतूनच येत असे. रविवारी सकाळी आम्ही दोघे निघायचो, एका मोठ्या वातानुकूलित दुकानात ढकलगाडी घेऊन फिरायचो आणि डिकी भरून परतायचो. डिकी असली की ती भरावीशी वाटते, हा तिचा गुणच आहे. दोन किलो टोमॅटो, दोन दुधी, फ्लॉवरचे दोन गड्डे, तीन प्रकारच्या पालेभाज्या आणि "असू दे" म्हणून उचललेले आणखी काहीबाही. सोमवारी, मंगळवारी घरात सुबत्ता असे. गुरुवारनंतर मात्र फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हात घालायला धीर लागे. कोथिंबीर पिशवीतच काळी पडून चिकट झालेली, मेथी पिवळी, दुधीवर अंगठा टेकवला तर आत जाईल अशी एक जागा. नासाडीचे वाईट वाटेच, पण त्याहून जास्त मला खुपे ते निराळे होते. आज काय करावे, हा प्रश्नच मला पडेनासा झाला होता. जे आधी सडणार ते आधी शिजवायचे, एवढा एकच नियम आमच्या स्वयंपाकात उरला होता. रविवारी हौसेने घेतलेल्या कोवळ्या वांग्यांची गुरुवारी भरली वांगी होत नसत. त्यांचे कसेबसे काप काढून भातात ढकलावे लागे.

यातून बाहेर पडले ती शहाणपणाने नव्हे, तर माझ्याच एका चुकीमुळे. आमच्या पुण्यात पेठांमधल्या अनेक रस्त्यांवर सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची पद्धत आहे. मंडईजवळच्या एका गल्लीत काल गाड्या डावीकडे होत्या, म्हणजे आज उजवीकडे, असा हिशेब करून मी गाडी लावली आणि निर्धास्तपणे आत गेले. काल 31 तारीख होती, आज 1 आहे आणि दोन्ही विषम आहेत, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि गाडीच्या जागी रस्त्यावर खडूने लिहिलेला तिचा नंबर होता. गाडी सोडवून आणण्यात दुपार गेली, भाजी पिशवीतच मान टाकून बसली आणि रात्री पिठले-भातावर भागवले. दुसऱ्या दिवशी मी मुलीची कॉलेजच्या वेळची सायकल जिन्याखालून ओढून बाहेर काढली.

दुकानदाराने दोन्ही ट्यूब बदलल्या, ब्रेकची रबरे घातली, चेन रॉकेलने धुऊन तिला तेल दिले, पुढे टोपली बसवली आणि मागचे कॅरियर काढून मोठे लावले. जुन्या ट्यूबचा एक लांब पट्टा कापून त्याने तो कॅरियरला गुंडाळून दिला. "काकू, यानं बांधाल ते पडायचं नाही," असे तो म्हणाला होता आणि आजवर तरी काही पडलेले नाही. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या काळात माझे वडील नोकरीला होते. सायकलला दिवा नसला किंवा कोणी डबलसीट बसले की पोलीस चाकातली हवा सोडून देत, ही गोष्ट ते रंगवून सांगत. आता हवा कोणी सोडत नाही, कारण सायकलकडे कोणी पाहतच नाही.

पहिल्याच आठवड्यात मी शिकले की हँडलला पिशवी अडकवायची नाही. दोन किलोंचे वजन एका बाजूला लोंबू लागले की पुढचे चाक तिकडेच ओढ घेते, आणि पिशवी स्पोकमध्ये जाण्याची धास्ती वेगळीच. म्हणून जड जिन्नस मागे कॅरियरवर, हलके पुढे टोपलीत आणि सगळे मिळून सहा किलोंच्या आत. गतिरोधकांमुळे टोमॅटोंची जागाही ठरून गेली आहे: टोपलीत, पालेभाजीच्या गादीवर. पालेभाजी जागा खाते, पण वजनाला काहीच भरत नाही, त्यामुळे तिचे आणि सायकलचे चांगले जमते. दुधी, कोबी, लाल भोपळा यांच्याशी मात्र सायकलचे वाकडे आहे. कोणी काहीही न ठरवता आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस पालेभाजी होऊ लागली ती यामुळे.

आणि पालेभाजी आणली की ती त्याच दिवशी निवडावी लागते. माझ्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. रविवारच्या डिकीभर भाजीपुढे त्या हात टेकत आणि आतल्या खोलीत निघून जात. रोजची एक जुडी मात्र त्यांच्या आवाक्यातली आहे. मी आले की त्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरायला सांगतात, खुर्चीत बसून मांडीवर ताट घेतात आणि मेथीचे देठ मोडू लागतात. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, पण भाजी आजची की कालची हे त्या न पाहता सांगतात. ताजा देठ कट् करून तुटतो आणि शिळा नुसता वाकतो. "कालची दिलीन तुला," असे त्या म्हणाल्या की मी निमूटपणे ऐकून घेते, कारण बहुतेक वेळा त्यांचे खरे असते.

एरंडवण्याहून मी साडेसातच्या आत निघते. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून डेक्कन, भिडे पुलावरून नारायण पेठ, लक्ष्मी रस्ता ओलांडून शनिपार आणि मंडई असा माझा रस्ता आहे, आणि रमतगमत गेले तरी अर्ध्या तासात होतो. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता हे सगळे एकेरी असल्यामुळे गाडीला या भागात हाकेच्या अंतरासाठीही मोठा वळसा पडतो. मी मात्र उलट दिशेने जायचे असेल तिथे सायकलवरून उतरते, ती हातात धरते आणि त्या क्षणी पादचारी होते. वीस पावले चालले की पुन्हा वाहनचालक.

मंडईची ती अष्टकोनी दगडी इमारत 1886 सालची. तेव्हा तिचे नाव रे मार्केट होते आणि नगरपालिकेत असताना महात्मा फुल्यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता; आता ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. विरोध करणाऱ्याचे नाव पुढे त्याच वास्तूला द्यावे, हे पुण्यालाच सुचू शकते.

मंडईत जाताना मी काय करायचे ते ठरवून जात नाही, आणि सायकलची खरी गंमत मला यातच वाटते. हातगाडीवाले दादा आमच्या दारात येतात, त्यांच्याकडची गवार आणि भेंडी उत्तम असते; मोबाइलवर बोट टेकवले की दहा मिनिटांत भाजी घरी येते, हेही मला ठाऊक आहे. पण तिथे पदार्थ आधी ठरतो आणि भाजी मागून येते. मंडईत चाकवत, चुका, चंदनबटवा, ओले वाल यांतले जे दिसते ते मेनू ठरवते. मागच्या आठवड्यात एका मावशींकडे अंबाडी दिसली. लालसर देठाची, कोवळी. "ताई, एकच जुडी? घरात माणसं किती?" असे त्यांनी विचारले. तीन, म्हटल्यावर त्यांनी दुसरी जुडी आग्रहाने न देता बाजूला ठेवली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. परतताना भिडे पुलावर येईपर्यंत बेत पक्का झाला होता. अंबाडीची पाने उकडून, आंबट पाणी पिळून टाकून, तांदळाच्या कण्या आणि हरभऱ्याची डाळ घालून शिजवली, गुळाचा खडा टाकला आणि वरून लसूण व सुक्या मिरच्यांची चरचरीत फोडणी दिली. सोबत ज्वारीची भाकरी हवीच.

भाकरीचाही या सायकलशी संबंध आहे. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते; मग कितीही मळा, भाकरी थापताना कडेला भेगा पडतात आणि तव्यावर टाकताना ती हातातच मोडते. गाडीने जात असू तेव्हा दहा किलोंचे दळण एकदम आणून ठेवत असू आणि महिनाअखेरीस पिठाला, ज्वारीला आणि कधी कधी मला दोष देत असू. कॅरियरवर तीन किलोंचा डबाच नीट बसतो. त्यामुळे पंधरा दिवसांनी गिरणीत जावे लागते, आणि पंधरा दिवसांत पिठाची विरी जात नाही. थंडीत गिरणीतून परतताना डब्यातले पीठ चांगलेच ऊन असते. बसकणीच्या मागे तो डबा पाठीला जरासा टेकतो, आणि समोरून गार वारा लागत असताना कमरेला शेक मिळतो. डिसेंबरात मी हे दळण मुद्दाम सकाळी काढते, हे मी आजवर घरी सांगितलेले नाही.

पावसाळ्यात या व्यवस्थेला खीळ बसते. खडकवासला धरणातून मुठा नदीत मोठा विसर्ग सोडला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि बंद होतो. विसर्गाची बातमी संध्याकाळी कानावर आली की मी आधी मटकी भिजत घालते. सकाळी उपसून फडक्यात बांधायची, म्हणजे त्याच्या दुसऱ्या दिवशी उसळीला मोड तयार. आमच्या घरी नदीची पातळी अशी वाटीत मोजली जाते. आता नळ स्टॉपला मेट्रोत बसून जिल्हा न्यायालयाला गाडी बदलली की थेट मंडईच्या पोटात उतरता येते. ते भुयारी स्थानक सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाले. भर पावसात मीही मेट्रोनेच जाते. तरीही पूल बुडाला की मटकी भिजवायची, ही सवय काही गेलेली नाही.

गाडीशी माझे भांडण नाही. महिन्याचे कांदे-बटाटे, तेलाचे डबे आणि सासूबाईंना दवाखान्यात नेणे तिच्याकडेच आहे, आणि यजमान ती सगळी कामे न कुरकुरता करतात. एकदा त्यांनी सायकलवर मंडईत जाण्याची हौस केली. येताना कॅरियरवर त्या रबरी पट्ट्याने बांधलेले एक कलिंगड होते आणि ते स्वतः सायकल हातात धरून एरंडवण्यापर्यंत चालत आले होते. तेव्हापासून एप्रिल लागला की कलिंगडापुरती चावी मी त्यांच्याकडून मागून घेते, आणि गाडी लावण्यापूर्वी तारीख पाहते.